२ रुपये पगारावर खिळे घासणाऱ्या पोराने देवनागरीला तिचं दणकट छापील अक्षर दिलं

परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालात की पिंगळी नावाचं छोटं स्टेशन लागतं. गाडी तिथे थांबो न थांबो, खिडकीतून गावाचं नाव वाचता येतं. पिवळी पाटी, त्यावर काळी, जाड, पाय रोवून उभी असलेली अक्षरं. धूळ बसली, रंग उडाला, पावसाने ओघळ आले तरी वाचता येतात. त्या अक्षरांकडून कुणाला नजाकत नको असते. लांबून दिसलं पाहिजे आणि चुकीचं वाचलं जाता कामा नये, एवढीच अपेक्षा.

इंग्रजीत अशा दणकट अक्षरांचं एक अख्खं खानदान आहे. त्याला म्हणतात स्लॅब सेरिफ.

सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला असलेली छोटी आडवी रेघ. टाइम्स न्यू रोमनमध्ये ती नाजूक आणि निमुळती असते. तीच रेघ जाड, चौकोनी, थेट घरावरच्या स्लॅबसारखी केली की झालं स्लॅब सेरिफ. सोनी कंपनीचं नाव डोळ्यासमोर आणा. किंवा टायपरायटरवरचं ते सरकारी अक्षर, ज्याची आठवण कॉम्प्युटरमधला कुरियर फॉन्ट अजून करून देतो. सगळी त्याच घरातली भावंडं.

हे खानदान जन्माला आलं लंडनमध्ये, १८१५ च्या आसपास. व्हिन्सेंट फिगिन्स नावाच्या टाइप पाडणाऱ्या माणसाने पहिल्यांदा असा टाइप विकायला काढला. कारण होतं जाहिरात. भिंतीवर चिकटवलेल्या लॉटरीच्या, नाटकाच्या, बोटीच्या जाहिराती रस्त्यावरून दिसायच्या तर पुस्तकातलं नाजूक अक्षर काय कामाचं? पुढे १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीने क्लॅरेंडन हा टाइप आणला. त्यात हा जाडपणा थोडा आवरता घेतला होता, त्यामुळे तो पुस्तकात आणि शब्दकोशातही चालायला लागला. शब्दकोशात मूळ शब्द ठळक आणि त्याचा अर्थ साधा, ही सवय अशाच टाइपांमुळे रुळली.

आता प्रश्न असा की आपल्या देवनागरीचं काय?

सरळ सांगायचं तर देवनागरीत स्लॅब सेरिफ असा वर्ग मुळात नव्हताच. आपल्या अक्षराला पायाशी स्लॅब नसतो, डोक्यावर असतो. शिरोरेघ. पण छापखान्यात टिकेल, कागदावर उठून दिसेल, हजारो प्रती निघाल्या तरी मोडणार नाही अशा दणकट अक्षराची गरज आपल्यालाही होतीच. ती गरज ज्या माणसाने भागवली तो ना पंडित होता, ना चित्रकार, ना साहेब.

त्याचं नाव जावजी दादाजी चौधरी. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक.

जावजींचा जन्म १८३९ चा. घरची गरिबी. शाळा जेमतेम. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास ते मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम होतं टाइप घासायचं. पगार महिन्याला २ रुपये.

टाइप घासणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. कारण पुढची सगळी गोष्ट या घासण्यात आहे.

त्या काळात एक अक्षर तयार व्हायला तीन टप्पे लागायचे. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर ते अक्षर उलटं कोरायचं. याला पंच म्हणत. हा पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खळगा उमटायचा, ती मातृका. मग मातृका साच्यात बसवून त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं मऊ पडू नये म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेलं असायचं. थंड झालं की बाहेर पडायचा तो खिळा. खिळा म्हणजेच टाइप.

पण साच्यातून निघालेला खिळा लगेच वापरता येत नाही. त्याला कडेला धातूचे कंगोरे राहिलेले असतात. ते घासून काढायचे, बाजू सपाट करायच्या. एखादा खिळा शेजाऱ्यापेक्षा केसभर उंच राहिला तर तेवढंच अक्षर कागदात रुततं. केसभर बुटका राहिला तर ते उमटतच नाही. बाजू वाकडी असली तर सगळी ओळ हलते. आणि देवनागरीत एक भानगड जास्तीची आहे. शेजारशेजारच्या खिळ्यांच्या शिरोरेघा एकमेकींना भिडल्या नाहीत तर छापलेला शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

दहा वर्षांचं पोरगं दिवसभर हे करत होतं. अक्षर शाळेत गिरवण्याऐवजी बोटांनी चाचपत होतं, आणि तेही उलटं.

हा छापखाना साधासुधा नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत १८१६-१७ च्या सुमारास मराठी छपाई सुरू केली, ती अर्थातच धर्मप्रसारासाठी. त्याआधी १८०५ मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापून आलं होतं, पण ते बंगालमधल्या श्रीरामपूरला. म्हणजे मराठीच्या छपाईची सुरुवात मराठी मुलखाबाहेर झाली. मुंबईच्या मिशनमध्ये पुढे टॉमस ग्रॅहम नावाचा कसबी माणूस आला. त्याने मराठीसाठी चांगले, आटोपशीर टाइप पाडले. जावजी त्याच्याच हाताखाली शिकले.

त्याच छापखान्यातून आणखी एक मराठी माणूस तयार झाला होता, गणपत कृष्णाजी. त्यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापलं आणि नंतर स्वतःचे टाइपही पाडले. तेव्हा छापलेली पोथी हातात घ्यायला लोक कचरायचे. शाईत चरबी असते, मग सोवळ्यात पोथी कशी वाचायची? गणपत कृष्णाजींनी त्यावर तुपातली शाई वापरून तोड काढली असं सांगितलं जातं.

ही अडचण आज गमतीची वाटते. पण छापील अक्षरावर विश्वास बसवणं हे तेव्हाचं खरं काम होतं. हाताने लिहिलेल्या पोथीमागे लिहिणारा माणूस दिसायचा. छापील पानामागे कोण होतं?

जावजींनी पुढे टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल अशा छापखान्यांत नोकऱ्या केल्या. इंग्रजी छपाईची शिस्त एका ठिकाणी, मराठी वर्तमानपत्राची घाई दुसऱ्या ठिकाणी. टाइप कुठे लवकर झिजतो, कुठली मात्रा आधी तुटते, जुळाऱ्याचा हात कुठे अडखळतो, हे त्यांना ग्राहकाकडून ऐकायची गरज उरली नाही.

१८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली. वय २५.

आता ही वेळ बघा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस इंग्लंडला जात नव्हता, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैसा नुसता वाहत होता, जो तो शेअर घेत होता. आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर हा फुगा फुटला. भलेभले रस्त्यावर आले. त्या गदारोळात शिसं वितळवून अक्षरं पाडायचा कारखाना काढणं हा काही झटपट श्रीमंतीचा मार्ग नव्हता. पण कारखाना टिकला.

यात जावजींच्या सोबतीला होते राणोजी रावजी आरू.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. मीही मास कॉम करताना ऐकलं नव्हतं. टायपोग्राफीच्या लेक्चरला हेल्वेटिका होता, टाइम्स न्यू रोमन होता. जावजीच नव्हते, तर आरू कुठून असणार? पण निर्णयसागरच्या अक्षराचं वळण म्हणजे आरूंच्या हाताचं वळण. पोलादावर पंच कोरणारा माणूस ते होते. आज फॉन्ट डिझायनर स्क्रीनवर एखादा बिंदू ओढतो, आवडला नाही तर मागे घेतो. पोलादावर मागे घ्यायची सोय नसते. एक फटकारा जास्त पडला की कांडी बाजूला टाकून पुन्हा पहिल्यापासून. त्यातही देवनागरीचा एक पुरा संच करायचा तर मुळाक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार, उकार मिळून काहीशे वेगवेगळे खिळे लागतात. इंग्रजीत २६ मोठी, २६ लहान अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं झाली की मुख्य काम आटोपतं. आपल्याकडे तेवढ्यात बाराखडीची सुरुवात होते.

हे अक्षर दणकट का म्हणायचं?

निर्णयसागरचं एखादं जुनं पुस्तक उघडून बघा. इंटरनेटवर स्कॅन केलेली कितीतरी मोफत मिळतात. मोबाइलवर पान मोठं करा. पहिली गोष्ट दिसते ती काळेपणा. उभ्या दांड्या भरीव आहेत. बोरूने लिहिताना होणारा जाड-बारीक फरक राखलाय, पण बारीक भाग इतका बारीक होऊ दिलेला नाही की दाबाखाली तुटावा. शिरोरेघ ठाम आहे. आणि एवढा जाडपणा असूनही अक्षराच्या पोटातली पांढरी जागा शिल्लक आहे.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. त्या काळचा कागद खरबरीत, शाई पिणारा. टाइपवर जेवढी शाई लावाल त्यापेक्षा कागदावर ती थोडी जास्तच पसरणार. म्हणजे क च्या पोटातली, ष च्या रेघेआडची, भ च्या गाठीतली पोकळी बुजायचा धोका. पोकळी बुजली की ष आणि प मधला फरक संपला, भ आणि म एकमेकांत मिसळले. वर्तमानपत्रात वाचक अंदाजाने पुढे जाईल. मंत्रात आणि व्याकरणाच्या सूत्रात असा अंदाज चालत नाही. अक्षर जाड तर हवं, पण गच्च नको. लंडनमध्ये क्लॅरेंडनवाल्यांनी रोमन लिपीपुरतं हेच कोडं सोडवलं होतं. मुंबईत आरू-जावजींनी ते काहीशे अक्षरांसाठी सोडवलं. दोघांनी एकमेकांकडून काही उचललं, असा याचा अर्थ नाही. शिसं, शाई आणि स्वस्त कागद एकत्र आले की अडचणी सारख्याच उभ्या राहतात.

मला विचाराल तर हे अक्षर सुंदर आहे का, यावर वाद होऊ शकतो. उत्तम हस्तलिखित पोथीतला ओघ त्यात नाही. ते जरा बसकं, जरा गंभीर, काकांसारखं दिसतं. लग्नपत्रिकेवर ते रुसल्यासारखं वाटेल. पण २०० पानं सलग वाचायची असतील, कंदिलाच्या उजेडात, चाळिशी लागलेल्या डोळ्यांनी, तर तेच हवं.

१८६९ मध्ये जावजींनी छापखानाच सुरू केला. निर्णयसागर. पत्ता मुंबईची कोलभाट लेन, काळबादेवीच्या भागात. म्हणजे टाइपही त्यांचा आणि छपाईही त्यांची. आपण बनवलेला माल आपणच रोज वापरायचा, मग खोट लपत नाही. इतर छापखानेही त्यांच्याकडून टाइप घेत होतेच, त्यामुळे ज्या पुस्तकावर निर्णयसागरचं नाव नसायचं त्यातही त्यांचं अक्षर असायचं.

निर्णयसागर पंचांग हे घरोघर पोचलेलं नाव. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचं बालबोध हे मुलांचं मासिक याच छापखान्यातून निघायला लागलं. जुन्या मराठी कवींच्या रचना काव्यसंग्रह या मासिकातून छापल्या. पण छापखान्याचं नाव देशाबाहेर गेलं ते संस्कृतमुळे.

१८८६ मध्ये काव्यमाला सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब तिचे संपादक. ठिकठिकाणच्या हस्तलिखितांत अडकून पडलेली काव्यं, नाटकं, अलंकारशास्त्राचे ग्रंथ या मालेतून भागाभागाने छापून यायला लागले. परबांनी हजारो सुभाषितं गोळा करून केलेला सुभाषितरत्नभांडागार हा संग्रहही इथलाच. निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असा लौकिक झाला. परदेशातले संस्कृतचे अभ्यासकही तळटीपेत निर्णयसागरच्या आवृत्तीचा हवाला देऊ लागले.

इथे जरा थांबा आणि विचार करा. संस्कृत विद्या तेव्हा कुणाच्या हातात होती? शिकायचा अधिकार कुणाला होता, पोथीला हात कुणी लावायचा, हे सगळं ठरलेलं होतं. आणि त्या विद्येचं छापील रूप ठरवलं कुणी, तर शाळेत फारसा न गेलेल्या एका कामगाराने आणि त्याच्या पंच कोरणाऱ्या मित्राने. ग्रंथ शोधले, तपासले, शुद्ध केले ते पंडितांनी, त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण पंडितांनीही मुद्रितं वाचली ती याच अक्षरात. छापील पानामागे कोण, या जुन्या प्रश्नाला निदान आता एक उत्तर होतं. निर्णयसागर.

याचा आणखी एक परिणाम झाला, तो फारसा कुणी सांगत नाही. तेव्हा मराठी माणसाचा रोजचा व्यवहार मोडीत चालायचा. हिशेब, पत्र, दस्तऐवज सगळं मोडी. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, ती पोथीपुरती. छापखान्यांनी बाळबोधीला उचललं, शाळेची पुस्तकं बाळबोधीत आली आणि मोडी हळूहळू मागे पडली. हे एकट्या जावजींनी केलं असं म्हणणं चूक ठरेल, त्यात सरकारचा आणि शाळाखात्याचा मोठा वाटा होता. पण बाळबोध छापायला सोयीची, टिकाऊ आणि सहज विकत मिळणारी झाली नसती तर हे इतकं सरळ घडलं नसतं. आज आजोबांच्या पेटीत मोडीतला कागद सापडतो आणि घरात कुणालाच तो वाचता येत नाही, त्याला कुठेतरी हे शिशाचे खिळेही कारण आहेत.

परभणीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथल्या दप्तराची भाषा मराठी नव्हती. आधी फारसी, मग उर्दू. अशा मुलखात मराठी अक्षर सरकारी कागदावर कमी आणि देव्हाऱ्याजवळच्या पोथी-पंचांगात जास्त भेटायचं. त्यामुळे मुंबईच्या गल्लीत पाडलेल्या टाइपाचं महत्त्व पिंगळीसारख्या गावासाठी वेगळं होतं. मुंबईकराला छापील मराठी चौकाचौकात दिसत होती. इथल्या माणसासाठी एखाद्या पोथीचं अक्षर हीच छापील मराठी होती.

जावजी ५ एप्रिल १८९२ रोजी गेले. वय ५३ च्या आत-बाहेर. २ रुपयांपासून सुरू झालेला हा माणूस जाताना देशातल्या नावाजलेल्या छापखान्यांपैकी एक मागे ठेवून गेला.

त्यानंतर अक्षर जुळवायची यंत्रं आली. विसाव्या शतकात मोनोटाइप आणि लायनोटाइप कंपन्यांनी देवनागरी हातात घेतली, तेव्हा छापील देवनागरी कशी दिसते याचा नमुना त्यांच्यासमोर आधीच तयार होता, आणि त्यात निर्णयसागरचा वाटा मोठा होता. पण यंत्राला काहीशे खिळे परवडत नव्हते. मग जोडाक्षरं तोडा, मात्रा सरकवा, काही अक्षरं बदला, असे लिपीसुधारणेचे वाद सुरू झाले. शासकीय मुद्रणालयात काम केलेल्या बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये देवनागरीच्या टाइपांवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात ही सगळी उलाढाल तपशिलाने आहे. पुढे कॉम्प्युटर आला. विंडोजमधला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केला, तो तर आपण सगळ्यांनीच वापरलाय. आता गुगलवर देवनागरीचे डझनावारी फॉन्ट फुकट मिळतात. त्यात लॅटिन अक्षर स्लॅब सेरिफ आणि जोडीला तशीच भरीव देवनागरी, असेही आहेत. ऱ्होडियम लिब्रे हा त्यातला एक, खास स्क्रीनवर लहान आकारात वाचण्यासाठी केलेला.

म्हणजे कोडं परत तेच आलं, फक्त खरबरीत कागदाच्या जागी आता स्वस्त मोबाइलची स्क्रीन आहे. उन्हात धरल्यावर नाजूक अक्षर तिथेही दिसत नाही. आणि घाईघाईने जाड केलेलं अक्षर गच्च होऊन तिथेही वाचता येत नाही. गावातल्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. नाव एवढं जाड करतात, त्यावर पांढरी कड, त्यावर लाल कड, की भाऊंचं नाव भरत आहे की मरत, हे फोटोवरूनच ओळखावं लागतं.

निर्णयसागरचं पुढे काय झालं, ते पुस्तकांच्या पहिल्या पानावर वाचता येतं. आधी जावजी दादाजींचं नाव. मग मुलगा तुकाराम जावजी. मग पांडुरंग जावजी. आणि १९४० च्या दशकातल्या संस्कृत ग्रंथांवर प्रकाशक म्हणून नाव आहे सत्यभामाबाई पांडुरंग. काव्य, व्याकरण, धर्मशास्त्राच्या ग्रंथांवर एका बाईचं नाव, त्याच काळ्याभोर अक्षरात. यातली बरीच पुस्तकं नंतर दुसऱ्या प्रकाशकांनी जुन्या पानांचे फोटो काढून जशीच्या तशी पुन्हा छापली. त्यामुळे संस्कृत शिकणाऱ्या आजच्या मुलांच्या हातातही कित्येकदा तेच अक्षर असतं.

राणोजी रावजी आरूंचं नाव मात्र त्या पहिल्या पानावर नसतं. त्यांचं काम दुसऱ्या पानापासून सुरू होतं.